विमल डावीकडे जाते

पोहण्याचा मास्तर म्हटलं की हल्ली लोकांना निळ्या फरश्यांचा तलाव दिसतो. मला म्हशी दिसतात. साठचं दशक संपत आलं होतं तेव्हा मी जळगावात एका शाळेत ड्रिल मास्तर होतो आणि माझा पोहण्याचा वर्ग मेहरूणच्या तलावावर भरायचा. तलावावर पहिला हक्क म्हशींचा, दुसरा धुणं धुणाऱ्या बायकांचा, आणि त्यातून उरेल त्या पाण्यात आम्ही. पोरांना मी पहिला धडा द्यायचो तो म्हशीला वळसा घालून जाण्याचा.

हे काम माझ्याकडे कसं आलं, तर हेडमास्तरांनी एकदा सभेत विचारलं, "पोहता कोणाकोणाला येतं?" मी लहानपणी गिरणा नदीत डुंबलेला माणूस. उत्साहात हात वर केला. सभेत हात वर करू नये ही अक्कल मला त्या दिवशी आली, पण तोवर मी पोहण्याचा मास्तर झालो होतो.

आता बाहेरच्या माणसाला सांगायला हवं की आमच्या भागात पोहायला शिकवावं लागत नाही. केळीचा खांब कापायचा, पोराच्या पोटाखाली द्यायचा आणि विहिरीत सोडायचं. थोड्या दिवसांनी कोणीतरी काका गुपचूप खांब ओढून घेतो. पोरगं बोंबलतं, हातपाय झाडतं आणि काठाला येतं. झालं शिक्षण! मास्तरचं काम त्याच्या पुढे सुरू होतं. तोंड पाण्यात किती वेळ ठेवायचं, श्वास कुठल्या बाजूनं घ्यायचा, भिंतीला हात लागला की अंग कसं वळवायचं. ऐकायला सोपं वाटतं. विहिरीत वाढलेल्या पोराला हे शिकवायला बसा, म्हणजे कळेल. भिंत आली की ते थांबतं, नाक शिंकरतं आणि वर बघून विचारतं, "आता काय करू, सर?"

गावातली पोरं वेगळी. एका कापडवाल्या शेठजींनी आपला मुलगा माझ्याकडे घातला. सोडताना म्हणाले, "मास्टरजी, तैरना सिखाव, लेकिन सर्दी नको व्हायला. सूखा घर आना चाहिए." मी म्हटलं, शेठजी, मी काय त्याला इस्त्री करून पाठवू? शेठजी हसले, पण मुलगा दुसऱ्या आठवड्यापासून आला नाही.

मग मुलींच्या शाळेच्या मोठ्या बाईंनी निरोप धाडला की आमच्याही मुलींना शिकवा, यंदा जळगाव आणि धुळे जिल्ह्यांच्या एकत्र स्पर्धा आहेत, मुलींची शर्यत आहे आणि पहिल्या दोघींना राज्याच्या स्पर्धेला धाडणार आहेत. मुली आल्या चार. बरोबर पहाऱ्याला शिवणाच्या बाई. मुलींपैकी तिघी गुडघाभर पाण्यात उभ्या राहून एकमेकींवर पाणी उडवत होत्या. चौथीनं परकराचा काचा मारला, धावत येऊन सूर मारला आणि ती जी निघाली ती बघून मी शिट्टी तोंडात धरून तसाच उभा राहिलो. काय तो हात, काय तो वेग! असा हात मी तोवर पोरांतही पाहिला नव्हता.

फक्त ती निघाली होती समोरच्या पिंपळाकडे आणि पोचली म्हशींत.

ही विमल. तापीपलीकडे यावलकडच्या एका खेड्यातली, बापाची केळी आणि कपाशी. शिकायला जळगावात मामाकडे राहायची, अकरावीच्या मॅट्रिकला एक वर्ष बाकी होतं. मी तिला परत बोलावलं, म्हटलं, "बाई, सरळ जा." ती गेली. पुन्हा म्हशींत. तिसऱ्यांदा एक म्हैस स्वतःच उठून बाजूला झाली.

"विमल, तू डावीकडे का जातेस?"

"मी कुठं जाते, सर? मी तर सरळच जाते."

तिची चूक नव्हती. विहीर गोल. चार हात मारले की भिंत, म्हणून पोरं गोल पोहतात. आणि दोन पोरं समोरासमोर आली तर टाळकी फुटतात, म्हणून त्यांच्या गावात रीतच पडलेली की सगळ्यांनी एकाच बाजूनं फिरायचं. देवळात उजवी प्रदक्षिणा, विहिरीत डावी. विमल वयाच्या पाचव्या वर्षापासून डावी प्रदक्षिणा घालत होती. तिच्या हाडांना सरळ म्हणजे तेच ठाऊक.

मी काय काय केलं म्हणून सांगू! डाव्या मनगटाला लाल चिंधी बांधली. पिंपळाला पांढरं धोतर टांगलं. शेवटी काथ्याच्या दोराला केळीच्या खांबाचे तुकडे ओवून पाण्यात दोन समांतर दोर सोडले, स्पर्धेत असतात तसे. दोरांमधली गल्ली फार सुरेख दिसत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन बघतो तर नुसता काथ्या. सगळे खांब म्हशींनी खाल्लेले! मी गवळ्याशी भांडायला गेलो तर तो म्हणाला, "मास्तर, रोज टाकत जा. दूध वाढलं आमचं."

पोहण्याच्या पोशाखाचं तर विचारूच नका. जळगावात मुलींसाठी तयार पोशाख मिळणं शक्य नव्हतं. आमची ही म्हणाली, मी शिवते. कापड आणायला मी त्याच शेठजींच्या दुकानात गेलो. पाण्यात वापरायचंय म्हटल्यावर त्यांनी गंभीरपणे छत्रीचं काळं कापड फाडून दिलं. "पानी लगताच नहीं, मास्टरजी." हिनं मोठ्या हौसेनं गुडघ्यापर्यंत पोशाख शिवला. विमलनं सूर मारला आणि आत हवा शिरून पाठीवर हा एवढा फुगा आला. पोरगी बुडेचना! शिवणाच्या बाई काठावर हसून हसून आडव्या झाल्या. मग जागोजागी भोकं पाडून हवेची वाट करून दिली, तेव्हा कुठे ती पाण्यात बसायला लागली.

याच सुमारास तिच्या मामाची बदली झाली. दिवाळीनंतर ते बिऱ्हाड नागपूरला निघणार. विमलला जळगावात राहायला जागा नाही. मोठ्या बाई म्हणाल्या, वसतिगृह भरलेलं आहे, पण राज्याच्या स्पर्धेला निवड झाली तर खेळाडू म्हणून मी तिच्यासाठी एक जागा काढीन. आता प्रश्न राहिला तिच्या वडिलांचा. त्यांना सगळे सुपडू आबा म्हणायचे. सहा फूट उंच, पांढरी टोपी आणि आवाज असा की तापीच्या एका काठावरून बोलले तर दुसऱ्या काठावरच्यानं उत्तर द्यावं.

आबा केळीचा माल घेऊन आले होते, तसेच तलावावर आले. मी सगळं समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मास्तर, शाया झाली तेवढी झाली. मामा व्हता तवर ठीक. आता तिच्याकडे पाह्यनार कोन? घरी येईन पोरगी." त्यांच्या बोलीत 'ळ'चा 'य' होतो, शाळेची शाया आणि केळीची केयी. माणूस वाईट नव्हता हो. मुलीवर जीव होता, म्हणूनच तिला नजरेआड करायची तयारी नव्हती.

तेवढ्यात पाण्यात विमल नेहमीप्रमाणे डावीकडे वळली. आबांनी पाहिलं आणि त्यांचं डोकं फिरलं. धोतर वर धरून काठानं धावत सुटले आणि ओरडले, "सरय! अय, सरय! कोठी चालली? सरय!"

आणि काय सांगू तुम्हाला, पोरगी सरळ झाली. ताणलेल्या दोरीवरून जावं तशी पार पिंपळापर्यंत गेली.

नंतर उलगडा झाला. पेरणीच्या वेळी पाभर धरायचे आबा, आणि बैलांच्या पुढे चालायची विमल. पाभरीच्या तासाची रेघ जरा वाकडी गेली की मागून आबांची ही हाक यायची. बैल आणि विमल दोघंही त्या हाकेवर सरळ व्हायची. मी तर आनंदानं उडालोच. गेला महिनाभर चिंध्या आणि धोतरं टांगतोय मी, आणि औषध चालत माझ्या काठावर आलं! आबांना हात जोडले, म्हटलं, स्पर्धेपर्यंत दर बाजाराला येत जा आणि नुसतं ओरडत जा.

आबा यायला लागले. पण त्यातून एक भलतंच झालं. दर वेळी विमल त्यांच्या हाकेवर सरळ गेली की ते माझ्याकडे वळून म्हणायचे, "पाह्यलं ना, मास्तर? माह्याशिवाय सरय जात नाही. आन तुम्ही म्हनता तिले एकटी ठेवा." माझंच औषध माझ्या घशात अडकलेलं. शेवटी एकदा विमलनंच विचारलं, "आबा, निवड झाली तर राहू द्याल?" आबा मोठ्यानं हसले. म्हणाले, "झाली तं राह्य." होणारच नाही याची त्यांना खात्री होती.

स्पर्धा धुळ्याला, एका नव्या तलावावर. मामाचं बिऱ्हाड तोवर हललं होतं; निवड झाली नाही तर विमल तिथूनच आबांबरोबर गावी जाणार होती. आता धुळ्याच्या संघाचे मास्तर कोण? तर वसंतराव, माझे सख्खे साडू! हिची धाकटी बहीण त्यांच्या घरात. माणूस नियमांचा इतका पक्का की स्वतःच्या लग्नात पंगतीला बसतानाही पाटाखालची रांगोळी तपासून बसला होता. आदल्या दिवशी मी, ही, विमल आणि शिवणाच्या बाई उतरलो त्यांच्याच घरी. पुरणपोळीवर तूप वाढता वाढता मला म्हणाले, "उद्या पाण्यात नातं नाही हं, भाऊसाहेब." मी म्हटलं, तूप तेवढं आजच्या नात्यानं वाढा.

मुलींच्या शर्यतीला चौघी. धुळ्याच्या दोन, भुसावळची एक आणि आमची भोकाभोकांची छत्री नेसलेली विमल. चार फेऱ्या मारायच्या. मधले दोर काथ्याचेच, त्यांना तेलाचे रिकामे डबे बांधलेले. पंच नाशिकहून आलेले एक साहेब, पांढरी विजार, हातात घड्याळ. आबा पहाटेच्या गाडीनं थेट येऊन काठावर उभे होते.

शिट्टी झाली. चौघींनी सूर मारले. दहा हात होतात न होतात तोच विमल डावीकडे झुकली, आणि आबा निघाले. काठानं धावताहेत, एका हातात टोपी, दुसऱ्यात धोतर, आणि आवाज सगळ्या तलावावर. "सरय! सरय! अय, डोये उघड! सरय!" ती वळली की हेही वळायचे. चारही फेऱ्या माणूस तिच्याबरोबर धावला. धुळ्याचं पब्लिक उभं राहून हसत होतं. एक जण ओरडला, "आबा, बैल कोठे शेतस?" दुसरा म्हणाला, "काही म्हना, पोर भारी शे!" धुळ्याकडे 'आहे'चा 'शे' होतो. विमल पहिली आली. मी शिवणाच्या बाईंना मिठीच मारणार होतो, आमची ही शेजारी आहे हे वेळेवर आठवलं.

तेवढ्यात वसंतराव पंचांसमोर उभे. हातात नियमांचं पुस्तक. स्पर्धकाबरोबर काठानं धावून त्याला सूचना देणं नियमाबाहेर आहे.

"सूचना कसली?" मी म्हटलं. "बाप आहे तो. आनंदानं ओरडत होता."

"आनंदानं कोणी 'डोळे उघड' म्हणत नाही."

"तुमचं हे पुस्तक घेऊन जा तुमच्या सासरी!"

"ते तुमचंही सासर आहे," वसंतराव शांतपणे म्हणाले.

पंचांनी आबांना बोलावलं. आबा धापा टाकत आले आणि म्हणाले, "साहेब, मी तिले कुठं काय सांगितलं? मी बैलांशी जसा बोलतो, तसा बोललो." यानं आमची केस पार बुडाली. पंचांनी निकाल दिला की शर्यत रद्द, अर्ध्या तासानं पुन्हा होईल आणि हे गृहस्थ फाटकाबाहेर जातील.

मला वाटलं आबा भांडतील. ते भांडले नाहीत. सरळ जाऊन त्यांनी विमलची पिशवी उचलली. "चाल वं, घरी चाल. मी नसलो तं तू भलतीकडेच जाशीन, चार लोकांत हसू व्हईन. मास्तर, तुम्ही लई केलं. पन झालं आता." त्यांचा चेहरा उतरलेला होता. त्यांना खरंच तिची फजिती बघवणार नव्हती.

विमल ओल्यानं थरथरत उभी होती. तिनं पुढे होऊन त्यांच्या हातातून पिशवी घेतली आणि बाकावर ठेवली.

"आबा, तुम्ही बाहेर जा."

एवढंच. आवाज चढवला नाही. आबा तिच्याकडे बघत राहिले. मग टोपी घातली आणि फाटकाकडे चालू लागले. मला इतकं वाईट वाटलं की क्षणभर स्पर्धा-बिर्धा सगळं विसरलो. तिच्या जवळ गेलो आणि काहीतरी शहाणपणाचं सांगावं म्हणून तोंड उघडलं. ती म्हणाली, "सर, तुम्ही पण काही सांगू नका." मी बाकावर जाऊन बसलो.

दुसरी शिट्टी झाली. विमल सूर मारून निघाली आणि नेमकी डावीकडे गेली. धाडकन डब्यावर आदळली, लोक 'आ आ' करून ओरडले. बाकीच्या तिघी पुढे सरकल्या. मी डोळे मिटले. झालं, म्हटलं, संपलं. शिवणाच्या बाई मला कोपरानं ढोसून म्हणाल्या, "अहो बघा, बघा तरी!"

विमल दोरापासून दूर झालीच नव्हती. मधल्या वाटेनं जाण्याचा नादच तिनं सोडून दिला. डावा खांदा दोराला लागता ठेवायचा आणि त्याच्याच कडेनं जायचं. दोर हातानं धरला असता तर बाद झाली असती, म्हणून धरला नाही. नुसता लागत होता. दर हाताला काथ्या खांद्यावर घासत होता आणि ती जात होती. भिंतीशी येऊन वळली की आता दुसऱ्या बाजूचा दोर डावीकडे. तोही तसाच घासत. ही युक्ती मी शिकवली नव्हती. मला सुचलीच नव्हती. तिसऱ्या फेरीत तिनं भुसावळच्या मुलीला मागे टाकलं, चौथीत धुळ्याच्या एकीला. शेवटच्या पट्ट्यात मी बाकावर उभा राहून काय ओरडत होतो मला माहीत नाही. सूचना नव्हत्या एवढं नक्की.

दुसरी आली. निवड झाली!

पाण्यातून बाहेर आली तेव्हा डावा खांदा सोलवटून लाल झालेला. वसंतरावांनी पहिल्यांदा नियमाप्रमाणे पंचांच्या कागदावर सही केली, मग स्वतःचा टॉवेल आणून तिच्या खांद्यावर टाकला. "पोरी, फार छान," म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी त्यांना साडू म्हणून प्रथमच मनापासून मिठी मारली, आणि त्यांनीही ती नियमात बसवून घेतली.

मी धावत फाटकाबाहेर गेलो. आबा रसवंतीच्या बाकावर बसले होते, रसाचा पेला समोर तसाच भरलेला. आतला गलका ऐकू येत होता, पण हसण्याचा की कौतुकाचा ते कळत नव्हतं त्यांना. मी म्हटलं, "आबा, दुसरी आली. निवड झाली."

"दुसरी? मंग पह्यली काबरं नाही?"

मागून विमल आली. आबांनी तिचा खांदा पाहिला. "हे काय वं?" तिनं सांगितलं. त्यांनी बोटानं खांद्याला हात लावल्यासारखं केलं, पण लावला नाही. मग समोरचा पेला तिच्यापुढे सरकवला आणि रसवाल्याला म्हणाले, "यात बरफ नको टाकू रे, पोरगी पान्यातून आली."

संध्याकाळच्या गाडीनं आम्ही सगळे परतलो. पारोळ्याला गाडी थांबली तेव्हा आबांनी सगळ्यांना भजी खाऊ घातली, विमल मात्र खिडकीला डोकं टेकून झोपली होती. तिच्या वाट्याची भजी त्यांनी कागदात बांधून खिशात ठेवली. जळगाव स्टँडवर शिवणाच्या बाई तिला घेऊन शाळेच्या वसतिगृहाकडे निघाल्या. तिनं वाकून आबांना नमस्कार केला. आबांनी भज्यांचा पुडा तिच्या हातात दिला आणि म्हणाले, "नीट राह्य." ती वळणावर दिसेनाशी होईपर्यंत उभे होते. हाक मारतील असं मला एकदा वाटलं. मारली नाही.

यावलची गाडी लागली. मी त्यांना बसवून खिडकीखाली उभा राहिलो. इकडचं तिकडचं बोलत होतो, यंदा केळीला भाव कसा, पाऊस कसा. कंडक्टर तिकिटं फाडत फाडत त्यांच्यापाशी आला.

"बोला आबा, किती?"

"दोन," आबा म्हणाले. कंडक्टरनं तिकिटाला हात घातला, तेव्हा त्यांनी शेजारच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं.

"नाही रे," ते म्हणाले, "एकच दे."